हिवाळ्यातला बांध: थोडं चालणं, फार थांबणं आणि जवळून काढलेले फोटो

दुधनाकाठ

सेलू-मानवत भागात "सकाळी फिरायला जाते" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कुठं? आपल्याकडं बघण्याजोगं काही नाही, हे आपणच मानून बसलोय. समुद्र नाही, घाट लांब, धबधबा बघायचा तर गाडी करायची. कोकणातल्या नातेवाइकांचे फोटो बघून हळहळायचं आणि एप्रिल-मेच्या नावानं बोटं मोडायची, हा मराठवाड्याचा जुनाच उद्योग. पण दिवाळी सरल्यापासून संक्रांतीपर्यंत आपल्या काळ्या रानात जे चाललेलं असतं, ते गुडघ्यावर बसल्याशिवाय दिसत नाही. उभ्यानं बघाल तर नुसता हरभरा, तूर आणि शाळू.

रोज पाच-सहा किलोमीटरची रपेट मारणाऱ्यांना आधीच सांगते, तुमचं चालू द्या. मी सांगतेय ते व्यायामाच्या खात्यात जमा होणार नाही. एका रानाचा एक बांध मला अख्खी सकाळ पुरतो.

साडेसहाच्या सुमाराला निघायचं. या दिवसांत तेव्हा नुसतं फटफटत असतं. गळ्यात मफलर, पायात बंद बूट, खिशात फोन आणि त्याला लावायची चिमट्याची छोटी भिंगं. बांधावर गेल्यावर पहिलं काम म्हणजे काहीही न करणं. डोळे जमिनीच्या उंचीला यायला वेळ लागतो. मग एकेक उलगडायला लागतं. गवतावर रुमालाएवढी पांढरी जाळी पसरलेली असतात आणि त्यांच्या एका कोपऱ्यात खाली जाणारी नळी असते. त्या नळीच्या तोंडाशी कोळी बसलेला असतो, पुढचे पाय जाळ्यावर टेकवून. एरवी ही जाळी असूनही दिसत नाहीत. दव पडलं की बांधभर किती आहेत ते कळतं आणि माणूस पाय ठेवायला कचरतो.

हरभऱ्याचं पान भिंगातून पाहिलंय का कुणी? इवल्याशा पानावर, देठावर, घाट्यावर बारीक लव असते आणि लवेच्या प्रत्येक टोकावर एक थेंब. हे दव नव्हे. झाडाचाच स्राव आहे, आंबट. मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं त्यात. त्यावर दवाचे मोठे थेंब येऊन बसतात, आणि मोठ्या थेंबात समोरची तुरीची पिवळी ओळ उलटी दिसते. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी फोनच फिरवून बघितला होता.

आता मन शांत होण्याबद्दल. मन शांत करायचं म्हणून डोळे मिटून बसले की माझं मन दुप्पट बडबड करतं. घराचा हप्ता, पोराची बारावी, सासूबाईंची साखर, ऑफिसातली शीतयुद्धं. पण थेंबावर फोकस जमवायचा तर श्वास धरावा लागतो, कारण छाती हलली तरी थेंब चौकटीबाहेर जातो. तेवढ्यात दुसरं काही सुचतच नाही. असं पुन्हा पुन्हा करत राहिलं की तासाभरानं खांदे आपोआप खाली आलेले असतात. आनंद होतो म्हणजे काय होतं, तर घरी येऊन पोहे करताना मी गुणगुणत असते. पोरगा म्हणतो, आई, आज काय सापडलं?

तुमच्याकडं काय काय दिसतं ते लिहा. फोन कोणता घ्यावा यावर धागा भरकटू देऊ नका (भरकटणारच आहे).

---

काळी_माती

ताई, छान लिहिलंय. पण तुमी ज्याला आंबट स्राव म्हणताय ना, त्या आंबीवर आमचं अर्धं घर चालायचं. आमची आजी थंडीत रातच्याला धुतलेलं पांढरं फडकं हरभऱ्यावर अंथरून यायची. पहाटं ते दव अन् आंब पिऊन जड झालेलं असायचं. मग ते परातीत पिळायचं अन् बाटलीत भरून ठिवायचं. पोट दुखलं, अजीर्ण झालं की त्यातलं थेंबभर पाण्यात घालून द्यायची. तोंड असं वाकडं व्हायचं की दुखणं इसरून जायचं. आता फवारणी सुरू झाल्यापासून कुणी पीत नाही, अन् पिऊ बी नाही.

आंबीचा हिसका बी सांगून ठिवतो. उघड्या पायानं हरभऱ्यात फिरलात तर पायाच्या भेगा असल्या झोंबत्यात की बास. कपडे सुद्धा विरत्यात. म्हून सकाळी हरभऱ्यात आमी बी शिरत नाही, तुमी तर शिरूच नका. बांधावरून काय काढायचे ते फोटो काढा. फुलोऱ्यातला हरभरा तुडवला तर घाटे काय फोटोला लागणार हैत का?

आन एक. तुमच्यासारख्या एका पाहुण्यानं मागल्या साली आमच्या रानात अळीचा फोटो काढून "किती सुंदर" असं लिहून टाकला होता. ती घाटे अळी व्हती. डोकं घाट्यात, आर्धं अंग भाईर. तिच्यापायी आमी पक्ष्यांना बसाया काठ्या रोवतो, नर पतंगांना मादीच्या वासानं फसवणारे कामगंध सापळे लावतो, अन् ह्यांना सुंदर दिसायली!

---

दुधनाकाठ

@काळी_माती दादा, आंबीची हकीगत वाचून धागा काढल्याचं सार्थक झालं. आमच्या आईकडं नुसती शेंडे खुडून भाजी करायचे. त्या भाजीची आंबट चव कुठून येते ते आज डोक्यात बसलं.

घाटे अळी दिसायला देखणीच असते, यावर मी ठाम आहे. हिरवी, कधी तपकिरी, कडेनं पांढरट रेघ. देखणी असून नुकसान करणारी माणसंही असतात की.

---

बीडकर_सध्या_पुण्यात

वाचायला गोड आहे, पण जरा कडू बोलतो. याच थंडीत आमच्या बीड जिल्ह्यातली अर्धी गावं ऊसतोडीला बाहेर असतात. पहाटे चारला उसाच्या फडात. त्यांनाही दव लागतं, पाचटानं हात कापतात. दवबिंदूतली शांतता त्यांना दिसत नसेल तर त्यांचा दोष नाही. निसर्गात रमायला पोट भरलेलं आणि पगार खात्यावर आलेला लागतो.

---

दुधनाकाठ

@बीडकर, यातलं एकही अक्षर खोडायचं नाही मला. मी पगारी बाई आहे आणि नऊला घरी परतून दहाला ऑफिसात पंख्याखाली बसते. पण एक भर घालते. आमच्या बाजूला कापूस वेचणाऱ्या बाया दव असताना येत नाहीत. ओला कापूस वेचला तर पिवळा पडतो, व्यापारी भाव पाडतो. म्हणून ऊन चढून बोंडं सुकली की ओटी बांधून येतात. मी परत निघते तेव्हा त्या येत असतात. त्यातल्या एका मावशींनी मला एकदा थांबवून विचारलं, "काय हुडकायलीस गं रोज?" मी फोन दाखवला. त्या म्हणाल्या, "हे व्हय! आमच्या तर रोज बोटाला लागतंय," आणि कपाशीचं पान उलटं करून दाखवलं. पानाला केसाएवढे देठ चिकटलेले आणि प्रत्येक देठाच्या टोकावर फिकट हिरवट पांढरं अंडं. क्रायसोपाची अंडी. पुस्तकात वाचलेली, पण पान उलटून बघायचं मला सुचलं नव्हतं. बाई दिवसभर वेचणी करून वर हे बघत होत्या. त्यांचं बघणं माझ्यापेक्षा जुनं आहे, फोटो तेवढे माझ्याकडं आहेत.

---

काळी_माती

क्रायसोपा म्हंजी आपला मित्रकिडा. त्याची अळी मावा खाती, म्हंजी पिकाचा रस पिणारी बारीक कीड. अंडं देठावर कामून असतंय म्हाईत हाय का? एका जागी घातली तर पैली फुटलेली अळी बाकीची अंडी खाऊन टाकील. मुंग्याबी पोचत नाहीत तिथवर.

ढालकिड्याचं बी तसंच. लाल ढालकिडा समद्यांना वळखू येतो, पण त्याची अळी काळी, लांबुळकी, नारंगी ठिपक्यांची. लोक रोग पडला म्हून तिच्यावरच औषीद मारत्यात. करडईवर मावा पडला की बगा. काळा मावा, शेंड्याला गच्च. त्यातच ही अळी चरायली असती. ताई, असले फोटो काढा अन् गावच्या ग्रुपवर टाका. सुंदर म्हून नगं, उपेगाचे म्हून.

---

तापमापक_लातूर

भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे राहवत नाही. सकाळी पानावर जे पाणी दिसतं ते दोन वेगळ्या वाटांनी आलेलं असतं, आणि फोटो काढणाऱ्याला फरक ओळखता आला तर मजा वाढते.

दव बाहेरून येतं. रात्री आकाश निरभ्र असलं की पान आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडून देतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं. मग हवेतली वाफ त्यावर जमते. ढग आले की ते उष्णता परत पाठवतात, पान पुरेसं गार होत नाही. वारा असला तर पानाजवळची गार हवा टिकत नाही. म्हणून आदल्या रात्री चांदण्या लखलखीत दिसत असतील आणि झाडाचं पान हलत नसेल, तर गजर लावून झोपा. ढग दिसले तर खुशाल पांघरूण ओढा.

दुसरं पाणी आतून येतं. रानाला पाणी दिलेलं आहे, रात्र गार आणि दमट आहे, तेव्हा मुळं पाणी वर ढकलत राहतात आणि ते पानाच्या कडेच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर पडतं. गव्हाच्या कोवळ्या पात्याच्या टोकावर एकच टपोरा थेंब दिसतो ना, तो हा. कडेला ओळीनं, सारख्या अंतरावर थेंब दिसले की समजा झाडाचं स्वतःचं पाणी आहे. पानभर विस्कळीत बारीक थेंब म्हणजे दव.

थेंबात दृश्य उलटं दिसतं कारण थेंब हेच बहिर्वक्र भिंग आहे. फोकस थेंबाच्या कडेवर न लावता त्याच्या आतल्या प्रतिमेवर लावा. दोन्ही एका अंतरावर नसतात.

आणि कीटकांबद्दल: त्यांना स्वतःची ऊब नसते. पहाटे चतुर गवताच्या काडीला लटकून, अंगभर दव घेऊन गप्प बसलेला असतो, कारण पंखांचे स्नायू तापल्याशिवाय त्याला उडताच येत नाही. दुपारी तुम्हाला वीतभरही जवळ येऊ न देणारा हा प्राणी तेव्हा तुमच्या भिंगापुढे निमूट बसतो. मराठवाड्याची थंडी कोरडी म्हणून आपण नाक मुरडतो, पण परभणीचा पारा एक आकडी होतो ते दिवस फोटोवाल्यांचे समजावेत.

---

नवखा_हिंगोली

सर, ताई, नमस्कार. माझा फोन साधा आहे, पंधरा हजारांच्या आतला. त्यात मॅक्रो म्हणून कॅमेरा दिलाय, पण फोटो पाण्यात भिजवून काढल्यागत येतात. लगेच मोठा कॅमेरा घ्यावा लागेल का?

---

दुधनाकाठ

आला! म्हटलं नव्हतं?

---

सावकाश_शटर

@नवखा_हिंगोली, एक रुपया घालवू नकोस अजून. स्वस्त फोनमध्ये २ मेगापिक्सेलचा वेगळा मॅक्रो कॅमेरा असतो, तो जाहिरातीपुरता. तो विसर. मुख्य कॅमेऱ्यावर चिमट्यानं लावायचं भिंग घे, ते काही शेकड्यांत मिळतं. ते भिंग वस्तूच्या अगदी जवळ, दोन-तीन सेंटीमीटरवर काम करतं. तेवढं जवळ गेलं की फोनची सावली पडते, म्हणून उजेड बाजूनं येईल असा बस.

बाकीचं मोठा कॅमेरा असला तरी तेच आहे. दोन्ही कोपरं गुडघ्यावर किंवा जमिनीवर टेकव. फोकस एकदा पक्का कर आणि मग स्वतःच केसभर पुढं-मागं हो. या हालचालीत पाठोपाठ फोटो घेत राहा, एखादा जमतो. वारा आला तर वाऱ्याकडं पाठ करून बस, शरीराचा आडोसा पुरतो. ऊन कडक झालं की ट्रेसिंग पेपर नाहीतर दिवाळीच्या कंदिलाचा पांढरा कागद मध्ये धर, थेंबांवरची चकाकी मऊ होते. कीटक असेल तर बाकी सगळं धूसर गेलं तरी चालेल, डोळा स्पष्ट हवा.

ज्यांच्याकडं जुना डीएसएलआर पडून आहे त्यांच्यासाठी: आधी महागड्या मॅक्रो लेन्सच्या मागं लागू नका. रिव्हर्स रिंग (लेन्स उलटी बसवायची कडी) घेऊन साधी १८-५५ मिमीची लेन्स उलटी लावा. १८ वर जास्त मोठं दिसतं, ५५ वर कमी, नेहमीच्या उलट. ॲपर्चर (उजेड आत घेणारं लेन्सचं छिद्र) मग कॅमेऱ्यातून बदलता येत नाही, म्हणून ॲपर्चरची रिंग असलेली जुनी ५० मिमी लेन्स मिळाली तर सोनं. खरी मॅक्रो लेन्स म्हणजे १:१, म्हणजे सेंटीमीटरभर ढालकिडा सेन्सरवरही सेंटीमीटरभरच पडतो. या मोठेपणाला एफ ८ ठेवलं, म्हणजे छिद्र बारीक केलं, तरी स्पष्ट पट्टा १ मिलिमीटरच्या आत असतो. म्हणून श्वास धरायचा, ताईंनी लिहिलंय तसा.

---

उगाच_विरोधक

सगळं ठीक. पण शांततेसाठी जाताय तर फोन कशाला? फोटो काढायचा म्हटलं की हाव आली. मग लाइक आले. मग अमक्याचा चतुर माझ्यापेक्षा चांगला का, हे आलं. फोन घरी ठेवून जा आणि नुसतं बघा. आमचे वडील रोज रानात जायचे, त्यांच्याकडं कुठला कॅमेरा होता?

---

गोदाकाठी_रात्रपाळी

@उगाच_विरोधक दादा, तुमचं म्हणणं ज्यांचं मन जागेवर आहे त्यांच्यासाठी बरोबर असेल. मी नर्स आहे, नांदेडला. रात्रपाळी संपवून सकाळी घरी गेले तरी डोक्यात मॉनिटरचे आवाज वाजत असतात. नुसतं बघत बसले की समोर नदी असते आणि मनात वॉर्ड. मला हाताला काहीतरी काम लागतं. फोन हातात घेतला की डोळा एका जागी टिकतो. गोदावरीच्या कडेला दगडांच्या फटीत एकदांडी उगवते, तीच जी आपण जखमेवर चोळतो. तिचं पिवळं-पांढरं फूल एवढंसं, पण वाळल्यावर त्याचा गोल होतो आणि प्रत्येक बीला केसांची छत्री फुटते. त्या छत्रीचे केस भिंगातून सुटे सुटे दिसतात, केसालाही बारीक केस. ते एक फूल टिपता टिपता आवाज बंद झालेले असतात.

लाइकचं म्हणाल तर मी फोटो कुठंच टाकत नाही. आजारी माणसांना दाखवते कधीकधी. एका आजोबांनी विचारलं, ही कुठली बाई फुलं? म्हटलं, तुम्ही रोज तुडवता ती.

एक मात्र व्यवसायाच्या अधिकारानं लिहिते. झोप उडालीय, जेवण जात नाही, जीव नकोसा वाटतो असं असेल तर बांधावर जरूर जा, पण डॉक्टरकडंही जा. चालू असलेल्या गोळ्या फुलपाखरू दिसलं म्हणून बंद करायच्या नसतात.

---

उगाच_विरोधक

रात्रपाळीताई, हे पटलं. नाव बदलायला हवं माझं.

---

दुधनाकाठ

नाव राहू द्या, धाग्याला लागतं कुणीतरी. फोटोच्या हावेबद्दल माझा एक नेम सांगते. फोन खिशातून काढायच्या आधी त्या वस्तूबद्दल तीन नव्या गोष्टी दिसल्या पाहिजेत. कुसळाचंच घ्या. लांबून नुसतं वाळलेलं गवत. जवळून पाहिलं की बीला बाणाचं टोक, टोकाला मागं वळलेले केस, आणि त्याच्यामागं पीळ घातलेला लांब काळपट केस. दव लागलं की तो पीळ सुटतो, ऊन लागलं की परत पडतो. पिळता पिळता बी मातीत स्क्रू फिरवावा तसं आत जातं. पायमोज्यात घुसलेलं कुसळ काढताना शिव्या घालतो ना आपण, ते बिचारं मोज्याला जमीन समजून पेरणी करत असतं. हे बघायचं तर पाण्याचा एक थेंब लावा आणि फोन स्थिर ठेवून व्हिडिओ घ्या. पीळ सुटताना ते स्वतःभोवती फिरतं.

---

सावकाश_शटर

पाण्याच्या थेंबावरून आठवलं. ग्लिसरिन मिसळलेलं पाणी फवारून "दव" तयार करणारे फोटोवाले भरपूर आहेत. कुसळावर प्रयोग म्हणून थेंब टाकणं वेगळं. पण चतुर फ्रिजमध्ये गार करून काडीवर चिकटवायचा आणि "मॉर्निंग मॅजिक" म्हणून टाकायचा, हा छळ आहे. फोटोत ओळखू येतं बऱ्याचदा: पाय काडीला धरलेले नसतात, नुसते टेकलेले असतात. अशांना स्पर्धेत बक्षिसं मिळतात याची चीड येते.

---

क्लिक_क्लिक_जालना

एवढं काय त्यात. डास मारताना कुणी विचार करत नाही.

---

सावकाश_शटर

डास मारून कुणी त्याला निसर्गाचं दर्शन म्हणून विकत नाही.

---

काळी_माती

भांडू नगा. कामाचं सांगतो. थंडीत घोणस उन्हाला येती. एरवी रातची फिरणारी, पण या दिसांत सकाळी बांधाच्या उघड्या दगडावर, कडब्याच्या गंजीजवळ पडून असती. पाचोळ्यात अजिबात दिसत नाही. कुकरच्या शिट्टीवाणी फुस्स ऐकू आलं की हाय तिथं थांबा, मग मागं सरा. फोटोसाठी गुडघे टेकायच्या आधी काठीनं गवत हलवा. उघडा हात दगडाखाली घालू नगा. चावलीच तर भगताकडं नाही, सरळ सरकारी दवाखान्यात. सापाच्या इषावरची लस तिथंच मिळती.

दुसरं, डुकरांसाठी लोकांनी झटका मशीनच्या, शॉक देणाऱ्या तारा लावल्यात. दवानं गवत वलं असतंय. तार बगून पाय टाका. अन् ज्याच्या रानात चाललाय त्याला इचारून जा. नुसतं "राम राम, फोटो काढू का" म्हटलं तरी माणूस हुरडा भाजून देतो.

---

नवखा_हिंगोली

भिंग आलं! रुईच्या पानावर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी सापडली. अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. रुईचा चीक विषारी ना? मग ही खाते कशी?

---

तापमापक_लातूर

प्लेन टायगर फुलपाखराची अळी. चिकातलं विष ती पचवते आणि अंगात साठवून ठेवते. मग पक्षी एकदा चोच मारतो आणि पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. भडक रंग म्हणजे जाहिरातच: मला खाऊ नका. त्याच रुईवर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा नाकतोडाही शोधा. चार-पाच दिवसांनी परत त्याच झाडावर जा. पानाखाली हिरवट किंवा गुलाबी कोष लटकलेला सापडायची शक्यता आहे.

---

बीडकर_सध्या_पुण्यात

इतकं वाचल्यावर विचारतोच. संक्रांतीला गावाकडं येतोय. जवळपास कुठं जावं? गाडी आहे.

---

दुधनाकाठ

गाडीनं जाण्याजोगं: तुमच्याच जिल्ह्यात पाटोद्याकडं नायगाव मयूर अभयारण्य आहे, १९९४ चं. कन्नडचं गौताळा १९८६ चं, सुमारे २६० चौरस किलोमीटर. तिथं वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून जायचं. धाराशिवकरांना येडशीचं रामलिंग. पैठणला नाथसागरावर रोहित आणि कांड्या करकोचे बघायला लोक मोठ्या लेन्स घेऊन येतात, त्यांच्या पायाशी चिखलात काय चाललंय ते बघायला कुणी नसतं. तुम्ही ते बघा.

आणि दगड विसरू नका. आपला सगळा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात वायूचे बुडबुडे राहिले, त्या पोकळ्यांत नंतर स्फटिक वाढले. नव्या विहिरीच्या कडेला टाकलेल्या खडकाचा ढीग असला तर कोवळ्या उन्हात त्याच्याभोवती एक चक्कर मारा. पांढऱ्या, फिकट गुलाबी स्फटिकांची पोकळी भिंगाखाली धरली की अर्धा तास गेला. बांधावरच्या जुन्या दगडांवर राखी-पिवळे चट्टे असतात ते पण टिपा. काळ्या मसाल्यात दगडफूल घालतो ना, त्याच जातकुळीतलं. बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार.

पण खरं सांगू का, गावाकडं येताय तर गाडी दारातच राहू द्या. घरामागच्या बांधावर जा.

---

येळवस_औसा

लातूर-धाराशिवचं कुणी येळवशीबद्दल लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडं शहरं ओस पडतात, सगळे रानात. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आत पांडव म्हणून दगड मांडलेले, भज्जी, आंबील, उंडे, खीर. मोठी माणसं जेवून तिथंच आडवी होतात. यंदा भाचरांना भिंग देऊन सोडलं होतं. मोबाईलवर गेम खेळणारी पोरं शाळूच्या पानाच्या बेचक्यात वाकून वाकून बघत होती. मधल्या पोरानं छोटा उड्या मारणारा कोळी टिपला, समोरचे दोन डोळे मोठे, बाजूला बारीक. तो म्हणाला, मामा, हा माझ्याकडं बघायलाय. मी म्हटलं, बघतोच आहे. त्या कोळ्याची नजर लई तेज असते, तुम्ही सरकलात की तोही वळतो.

आंबिलीवर आंबील झाल्यामुळं मला स्वतःला वाकता आलं नाही, हे सोडा.

---

उगाच_विरोधक

आंबील पाठवायची सोय आहे का धाग्यावर?

---

बीडकर_सध्या_पुण्यात

@काळी_माती दादा, तुमचं रान कुठल्या बाजूला? राम राम घालून येतो. हुरड्याचं मी आधीच वाचून ठेवलंय.

---

काळी_माती

जिंतूर रस्त्याला. व्यनित (खाजगी निरोपात) पत्ता टाकतो. गुळभेंडी हाय थोडी, हुरड्याची ज्वारी, संक्रांतीच्या आसपास दाणा दुधात येतोय. शेण्या पेटवून ठिवतो, चटणी घरची. येताना बंद बूट घाला, भिंग आणा, अन् आमच्या करडईवरच्या माव्याचे फोटो काढून द्या. कृषी सहायक येणार हाय बुधवारी, त्याला दाखवायचेत. ढालकिड्याच्या अळ्या पुरेशा असल्या तर फवारणी वाचंल माझी.